लहान शब्दांचे ऋण

परकी भाषा बोलताना चूक झाली, पण ऐकणाऱ्याला आशय कळला, तर त्या चुकीत काही नैतिक दोष उरतो काय? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. व्याकरणाच्या चुका हा परीक्षकाचा विषय, नीतीचा तेथे संबंध काय, असे कोणीही म्हणेल. मीही आयुष्यभर तसेच म्हणत आले. इंदूरच्या एका शाळेत मी तीस वर्षे संस्कृत शिकविले. विभक्ती चुकली की लाल शाईने खूण करावयाची आणि अर्धा गुण कापावयाचा, एवढेच माझे त्या चुकीशी नाते होते. पुढे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डच भाषेतील पाचसहा शब्दयोगी अव्यये शिकण्याचा प्रसंग आला, आणि तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोवन येथे राहते. व्हिसाच्या नियमाप्रमाणे मला तेथे एका वेळी नव्वद दिवसांहून अधिक राहता येत नाही. २०२२ मध्ये गेले तेव्हा नातू तीन वर्षांचा होता. पाळणाघरातून घरी आला की तो डचमध्येच बोले आणि मराठी प्रश्नांना डच उत्तरे देई. त्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, ही गोष्ट आजीला फार काळ सोसवणारी नव्हे. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात आठवड्यातून एक दिवस निवृत्त मंडळी परक्यांना हौसेने भाषा शिकवीत. मी तेथे जाऊन बसू लागले. तेथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या अनेकांपुढे परीक्षेची चिंता होती. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांच्याकडून अपेक्षित असलेली भाषेची पातळी वाढविलेली होती. मला परीक्षा नव्हती, म्हणून मला वाटे, की आपल्या चुकांनी कोणाचेच काही बिघडणार नाही.

डचमधील नामे पाठ होतात, क्रियापदेही वळणावर येतात. अडते ते लहान शब्दांशी. हे शब्द तेथे नामाच्या आधी येतात. त्यांच्या व्याकरणात त्यांना 'व्होरझेट्सल' म्हणतात; त्याचा शब्दशः अर्थ 'पुढे ठेवलेला' असा होतो. आपल्याकडे हेच काम करणारे शब्द नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतात, म्हणून त्यांना शब्दयोगी हे नाव. पण खरी अडचण जागेची नाही. पेला टेबलावर आहे असे सांगताना डच माणूस 'ऑप' हा शब्द वापरतो. चित्र भिंतीवर आहे असे सांगताना त्याला 'ऑप' चालत नाही. तेथे 'आन' हवा. फांदीला सफरचंद लागले आहे, दाराला मूठ बसविली आहे, खुंटीला कोट अडकविला आहे, या सर्व ठिकाणी 'आन'च. बोटातील अंगठीसाठी तिसराच शब्द, 'ऑम', म्हणजे भोवती. इंग्रजी माणूस या सर्वांना एकाच शब्दाने उरकतो. खालून आधार असेल किंवा पृष्ठभाग सगळा टेकला अथवा चिकटला असेल तर 'ऑप'. एखाद्या बिंदूशी जखडून वस्तू लोंबत वा बाहेर आलेली असेल तर 'आन', असा स्थूल नियम मला सांगण्यात आला. जखमेवर लावलेली चिकटपट्टी त्या न्यायाने 'ऑप' ठरते.

नायमेखन येथील मनोभाषाविज्ञानाच्या माक्स प्लांक संस्थेत मेलिसा बॉवरमन या विदुषींनी या भेदांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सूंजा चोई यांच्यासमवेत त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कोरियन भाषेचे उदाहरण आहे. तेथे 'आत' आणि 'वर' यांच्यापेक्षा वस्तू घट्ट बसली की सैल ठेवली याला अधिक महत्त्व; त्यामुळे बोटात चढविलेली अंगठी आणि पेटीत घट्ट बसविलेली वस्तू ही एकाच क्रियापदाच्या कक्षेत येतात. आणि विशेष असे, की मुले दोन वर्षांची होण्यापूर्वीच आपापल्या भाषेची ही विभागणी पाळू लागतात. माझा नातू ज्या भेदाकडे तीन वर्षांचा असताना सहज लक्ष देत होता, तो भेद मला अडुसष्टाव्या वर्षी डोळे विस्फारून शोधावा लागत होता, याचे कारण हे.

मराठीत हा भेद अगदीच नाही असे नव्हे. भिंतीवर चित्र म्हणणारे आपण सदरा मात्र खुंटीला अडकवितो, आंबा फांदीला लागतो, तोरण दाराला बांधतो. आपला 'ला' येथे बराचसा 'आन'चेच काम करतो. उलट, अंगठी आपण 'बोटात' घालतो आणि जोडा 'पायात'. वास्तविक बोट अंगठीत जाते आणि पाय जोड्यात. डच माणसाला हे सांगितले तेव्हा त्याला हसू आवरेना. मला मात्र सत्तरीकडे झुकेपर्यंत त्यात काही विपरीत दिसलेच नव्हते.

येथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. दोन वस्तूंमधील संबंध वस्तूंमध्ये असतो, की पाहणाऱ्याच्या बुद्धीत? आपल्या वैशेषिक दर्शनाने संबंधांकडे फार बारकाईने पाहिले. मेज आणि पेला यांचा संयोग होतो आणि सुटतो. संयोगाला त्यांनी गुण मानले. तंतू आणि वस्त्र यांचा संबंध तोडला तर वस्त्रच उरत नाही. त्या संबंधाला समवाय म्हणून स्वतंत्र पदार्थाचे स्थान दिले. 'ऑप' आणि 'आन' यांतील भेद म्हणजे संयोग-समवायाचा भेद, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. तो टिकत नाही. भिंतीवरचे चित्र काढून ठेवता येते. म्हणजे दोन्ही ठिकाणी संयोगच. डच भाषेने संयोगाच्याच पोटात एक रेघ ओढली आहे, आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे. टेकणे आणि लोंबणे यांत फरक आहेच. तो आपल्यालाही दिसतो. आपली भाषा तो प्रत्येक वेळी सांगण्याची सक्ती करीत नाही, एवढेच. रोमान याकोबसन यांनी १९५९ मधील एका निबंधात याच आशयाचे प्रतिपादन केले आहे: कोणत्याही भाषेत काहीही सांगता येते; भाषाभाषांत फरक पडतो तो काय सांगावेच लागते यात.

तेव्हा संबंध वस्तूंत आहे, पण त्याचा कोणता पैलू उच्चारावयाचा हा समाजाचा संकेत आहे, असे म्हणणे मला योग्य वाटते. संकेताचा भाग मनोव्यापारांत तर अधिकच ठळक होतो, कारण तेथे बोट दाखविण्यास मेजही नसते आणि भिंतही. डच माणूस कोणाच्या 'वर' रागावतो, तसेच आपणही. पाणिनीने मात्र ज्याच्याविषयी कोप होतो त्याला संप्रदान म्हटले. ज्याला गाय द्यावयाची त्याची आणि ज्याच्यावर रागवावयाचे त्याची विभक्ती एकच. भयाचे कारण पाणिनीच्या मते अपादान, म्हणजे जेथून मनुष्य मागे सरतो ते ठिकाण. आपण वाघाला भितो. डच माणूस वाघाच्या 'पुढे' भितो. त्याच्या 'व्होर' या शब्दात 'पुढे' आणि 'साठी' हे दोन्ही अर्थ नांदतात. आपण कोणाची वाट पाहतो. तो कोणा'वर' थांबतो. आपले प्रेम कोणा'वर' बसते. त्याच्या भाषेत प्रेम करणे म्हणजे शब्दशः कोणा'चे' धरणे.

यावरून त्या त्या समाजाचा स्वभाव सांगू पाहणे हा विद्वानांचा आवडता खेळ आहे, आणि तो बहुधा फसवा असतो. रागाला चतुर्थी असल्यामुळे प्राचीन भारतीय राग देणगीसारखा देत असत, असे कोणी अनुमान काढले तर आपण हसू. हे शब्द फार वापराने गुळगुळीत झालेल्या नाण्यांसारखे असतात. त्यांवरील छाप कोणी वाचीत नाही, किंमत तेवढी चालते. पण मग आमचा मूळ प्रश्न अधिकच दुबळा होतो. शब्दयोगी अव्यय हा निव्वळ संकेत असेल, तर तो चुकल्याने माझ्याकडून कोणाचा अपराध तो काय घडणार?

याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. मुलीच्या शेजारी एक ऐंशी उलटलेल्या बाई एकट्या राहत असत. २०२३ च्या हिवाळ्यात त्यांचे यजमान वारले. मी तेव्हा तेथेच होते. आठ दिवसांनी मी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले. जाण्यापूर्वी एक वाक्य घोकले होते: 'मला तुमची फार आठवण होते, तुम्ही सारख्या माझ्या मनात असता.' डचमध्ये याला 'डेंकन' हे क्रियापद लागते आणि त्यामागे 'आन' हवा. मी 'ओव्हर' म्हणाले. 'ओव्हर' म्हणजे विषयी. बाई थोड्या थबकल्या, आभार मानले, आणि डबा ठेवून घेतला. त्यानंतर त्या मला दारात भेटल्या की लवकर आत जात. मी ते दुःखाच्या खाती मांडले.

महिन्याभराने ग्रंथालयातील वर्गात हा धडा आला. 'डेंकन आन' म्हणजे एखाद्याची आठवण मनात असणे. 'डेंकन ओव्हर' म्हणजे एखाद्या विषयाचा साधकबाधक विचार करणे, मत बनविणे. तिसरा प्रकार 'डेंकन ऑम'. ठेंगण्या दारावर 'डोके सांभाळा' अशी पाटी असते तेथे तो आढळतो. मी घरी आले आणि तशीच शेजारी गेले. वहीत लिहून नेलेले वाक्य या वेळी 'आन' लावून वाचून दाखविले, आणि मागच्या वेळी माझी चूक झाली होती असे सांगितले. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग माझ्या मुलीला बोलावून, मला नीट कळावे म्हणून, तिच्यामार्फत म्हणाल्या, "माझी मुले मला वृद्धाश्रमात हलवावे की काय याची चर्चा करीत होती. त्यांनी शेजाऱ्यांनाही विचारले होते. तुम्हीही माझा विचार करीत आहात म्हणालात, तेव्हा मला वाटले, की तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच. मी एकटी राहण्यास लायक आहे की नाही हे ठरविणाऱ्या."

त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती अर्ध्या गुणाची नव्हती. माझा हेतू शुद्ध होता आणि शब्दही बहुतेक सारे बरोबर होते. तरीही एक दुःखी स्त्री महिनाभर अशा समजुतीत राहिली, की भिंतीपलीकडची परकी बाईसुद्धा आपला निवाडा करीत आहे. 'आशय कळला म्हणजे पुरे' हे माझे जुने सूत्र येथे मोडले. आशय कळलाच नव्हता. कळला असे मला वाटले होते. चूक झाली आणि ती समजलीही गेली, अशी खात्री बोलणाऱ्याला कधीच नसते. ऐकणारा सभ्य असला की गैरसमज मुकाट्याने घरी नेतो.

संकेत मनमानी आहे म्हणून तो बंधनकारक नाही, हा युक्तिवाद म्हणून फसवा आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे की उजव्या, यात निसर्गाचा कौल काहीच नाही. आपण डावीकडून जातो, ते उजवीकडून. पण एकदा संकेत ठरला की समोरून येणारा त्यावर विसंबतो, आणि त्याच्या विसंबण्यातून माझे कर्तव्य जन्मते. भाषेचेही असेच आहे. 'आन' आणि 'ओव्हर' यांतील भेदाला स्वतःचे असे पावित्र्य नाही; पण शेजारच्या बाई ऐंशी वर्षे त्या भेदावर विसंबून इतरांची मने वाचीत आल्या होत्या. माझे ऋण व्याकरणाला नव्हते, त्यांच्या त्या विश्वासाला होते.

एवढ्यावर थांबले तर मात्र मी अर्धेच सांगितले असे होईल, आणि तेही परक्यांना दटावणाऱ्यांच्या सोयीचे. त्याची दुसरी बाजू आपल्या घराण्यांतील प्रत्येकाला ठाऊक आहे. मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. आमचे पूर्वज त्या दरबाराच्या चाकरीत होते. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून आमच्या मराठीचे शब्दयोगी सैलावले. 'बाबांना विचारून येते' याऐवजी आम्ही मुली 'बाबांशी विचारून येते' म्हणत असू. हिंदीतील 'से' मराठीचा पोशाख करून आला होता. दहा वर्षांची असताना सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे मी हे वाक्य बोलले. घरातील सर्व मुले हसली. एका वडीलधाऱ्या आत्याने ते आल्यागेल्यासमोर माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले. उरलेली सुट्टी मी फारशी बोलले नाही. माझ्या 'शी'ने कोणाचाही गैरसमज झाला नव्हता. माझी चूक निरुपद्रवी होती, पण त्यांचे हसणे तसे नव्हते.

या दोन प्रसंगांची तुलना केली म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात. अचूकपणाचे ऋण समोरच्या माणसाचे असेल, तर ते कोणाशी बोलतो आहोत यावर अवलंबून राहणार. इंदूरच्या वाड्यात जेथे सारेच 'बाबांशी' म्हणतात, तेथे तो संकेतच आहे. त्यावर सर्व विसंबतात आणि त्यात चूक काही नाही. पुण्यात गेल्यावर तेथील संकेत शिकून घेणे हे माझे सौजन्य झाले असते. पण माझ्या सौजन्याची मागणी हसून करण्याचा अधिकार आत्याला नव्हता. मनुष्य स्वतःकडून मागू शकतो तितका अचूकपणा त्याला दुसऱ्याकडून मागता येत नाही. कायदा परक्याला परीक्षा देण्यास सांगू शकतो. ऐकणाऱ्याला सबुरी बाळगण्यास तो सांगू शकत नाही. ती ज्याने त्याने स्वतःच द्यावयाची.

आणि सबुरी म्हणजे केवळ न हसणे नव्हे. परका अडखळला की डच मंडळी चटकन इंग्रजीत बोलू लागतात. त्यात दयाळूपणा असतो, पण दार उघडता उघडता ते लावून घेतल्यासारखे होते. शिकणारा पाहुणाच राहतो. चूक ऐकून गप्प बसणाऱ्या शेजारच्या बाईंचे मौनही तसेच होते. त्यांनी तेव्हाच विचारले असते, 'बाई, तुम्हाला नक्की काय म्हणायचे आहे?' तर महिनाभराचे शल्य वाचले असते. माझे काही पुतणे म्हणतील, की दुःखाच्या आठव्या दिवशी तिने तुमचे व्याकरण तपासावे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच त्या प्रसंगी ओझे माझ्याकडे अधिक होते असे मी मानते. जो कमी दुःखात आहे त्याने अधिक काळजीने बोलावे. ग्रंथालयातील वर्गात मात्र ओझे शिकविणाऱ्यांकडे अधिक होते, आणि ते त्यांनी न कंटाळता वाहिले. एकाच चुकीसाठी कोण किती उत्तरदायी, हे प्रसंगागणिक ठरते. व्याकरणाच्या पुस्तकातून ते कळणार नाही.

डचमधील एक गोष्ट मला शेवटी शेवटी उमगली. त्यांचा हा पुढे ठेवलेला शब्द काही वेळा नामाच्या मागेही जातो, अगदी आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. 'इन' हा शब्द रानाच्या आधी ठेवला तर मनुष्य रानात हिंडत असतो, आधीपासूनच आत असतो. तोच मागे ठेवला तर तो बाहेरून रानात शिरत असतो. परक्या भाषेत माझे सारे 'इन' मागेच राहणार, हे मी आता ओळखून आहे. नातवाचा मात्र आधीपासून पुढे आहे. कधी तो माझी चूक सुधारतो, हसत नाही, आणि लगेच खेळायला पळतो. इतक्या निर्हेतुकपणे चूक दाखविणारा शिक्षक मला दुसरा भेटला नाही. मी स्वतः तशी नव्हते हे लाल शाईच्या वह्या आठवून कबूल केले पाहिजे.

शेजारच्या बाई अखेरीस २०२४ मध्ये दुसऱ्या गावी, मुलाच्या घराजवळील वृद्धाश्रमात गेल्या. तो निर्णय त्यांनी आपखुशीने घेतला असे त्यांनी मला कळविले. तो खरोखर कितपत आपखुशीचा होता हे विचारण्याइतकी माझी डच अजून झालेली नाही. मी त्यांना इंदूरहून दिवाळीला आणि त्यांच्या यजमानांच्या स्मृतिदिनी पत्र पाठविते. डच पद्धतीप्रमाणे पाकिटावर नावाच्या आधी एक लहान शब्द लिहितात. आपण 'प्रति' लिहितो, तेथे ते 'आन' लिहितात. तो लिहून झाला की मी क्षणभर थांबते, पुन्हा एकदा वाचून पाहते, आणि मगच पाकीट टपालात टाकते.